आधी स्वतः बसून पाहणारे आप्पा

कुबडीची मूठ, बाळंतिणीच्या खाटेला पाठटेक, एका हातानं पोळी लाटणाऱ्या बाईंसाठी ओट्याला घट्ट बसणारा पोळपाट आणि माझ्या मुलीसाठी एक पायटेक. सिद्धाराम आप्पांनी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तूंपैकी एवढ्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. ऐकीव माहिती मी लिहीत नाही.

मी पाट्या रंगवतो. हे काम मला कुणी शिकवलेलं नाही, दुकानांच्या पाट्या बघत अक्षर हाताला बसलं. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आप्पांच्या सुतारकामाच्या दुकानाची पाटी रंगवायला गेलो, तीच आमची पहिली भेट. फळी डावीकडे सूतभर खाली होती. मी तसं सांगितलं. आप्पांनी एक डोळा मिटून पाहिलं, फळी उतरवली आणि म्हणाले, "पेंटर, तुमची नजर लई खडूस हाय की. बसा, चहा घ्या." तिथून आमचं जमलं.

गेल्या वर्षी माझी शुभांगी दहावीला होती. परीक्षा तोंडावर असताना ती स्कूटीवरून पडली आणि उजव्या पायाला मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर घालावं लागलं. बाकावर बसलं की पाय पुढं ताठ. समोर खुर्ची ठेवून पाहिली, तर टाचेवर भार येऊन कळ मांडीपर्यंत जायची. "बाबा, मी पुढच्या वर्षी देते," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. मी कुणालाच सांगितलं नाही. माझा स्वभावच तसा आहे.

अर्धवट राहिलेल्या एका पाटीची चौकशी करायला आप्पा घरी आले आणि त्यांना सगळं समजलं. पाटीचा विषय त्यांनी काढलाच नाही. परीक्षेचं केंद्र शुभांगीच्याच शाळेत होतं. रविवारी मुख्याध्यापिकांनी वर्ग उघडून दिला. आप्पांनी स्वतःच्या पायाला दोन लाकडी पट्ट्या बांधल्या, गुडघा वाकणार नाही अशा, आणि पेपरला असतो तेवढा वेळ त्या बाकावर बसून राहिले. त्यांची कामाची रीतच ही, आधी स्वतः बसून पाहायचं.

शिपाईमामांनी दारातून विचारलं, "आप्पा, तुमचाबी पेपर हाय व्हय?"

"हाय की. गणिताचा. बघा, घाम फुटलाय."

उठताना मला त्यांना धरावं लागलं. पण दुखतं कुठं, ते त्यांना समजलं होतं. पोटरीला आधार द्यायचा, टाच अधांतरी ठेवायची. डॉक्टरांना विचारून त्यांनी उतरता पायटेक केला, वरून जुन्या सोलापुरी चादरीची घडी ठोकली.

शुभांगीची बसायची खोली पेपरागणिक बदलायची आणि शाळेची फरशी उंचसखल. म्हणून प्रत्येक पेपरला आप्पा आधी येऊन पायटेक लावून द्यायचे, खाली पाचर सारायचे. त्या दिवसांत जो तो तिला पेपर कसा गेला हेच विचारत होता. आप्पा एकटे विचारायचे, "अक्का, टाच कुटं टेकली न्हाय ना?" ती हसायची. घरात आठवडाभर तिचं हसू कुणी ऐकलं नव्हतं. शेवटच्या पेपरला ती घंटा होईपर्यंत लिहीत होती.

आप्पा आता पंच्याहत्तर वर्षांचे झाले. त्यांचे गुडघे आणि नजर अशीच शाबूत राहोत आणि दुसऱ्याच्या जागी जाऊन बसण्याचं बळ त्यांना आणखी पुष्कळ वर्षं मिळो, ही माझी, माझ्या पत्नीची आणि शुभांगीची मनापासूनची इच्छा आहे.

एक गोष्ट आप्पा स्वतः सांगणार नाहीत, म्हणून मी नोंदवतो. तो पायटेक पाहून नवी पेठेतले एक व्यापारी त्यांच्याकडं आले होते. मी तिथंच होतो. आप्पा त्यांना म्हणाले, "ज्या पायाचं दुखणं मला म्हाईत न्हाय, त्याला लाकूड कसं लावू?" त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. मागणी एकाच मापाच्या शंभर पायटेकांची होती. रक्कम एक लाख ऐंशी हजार रुपये, निम्मी आगाऊ.