भाऊजींचे साडेपाच तास

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मला रडू आलं नाही. पहिला विचार आला तो हा, की आता त्यांची चूक दुरुस्त करता येईल... अशा माणसाने स्मृतिलेख लिहू नये, पण ताईने बजावलंय, "बाबू, चांगलंच लिहिजो."

तेलीबांध्याच्या त्यांच्या सॉफ्टवेअर ऑफिसात मी कामाला. सिलतऱ्यातल्या एका कारखान्याच्या हजेरीचा प्रोग्राम भाऊजींनी स्वतः लिहिला होता आणि त्याची त्यांना भलती घमेंड. आत्ताची तारीख-वेळ द्यायला तयार लायब्ररी, म्हणजे आयता लिहिलेला कोड असतो; कुठल्या देशाची वेळ हवी ते तिला सांगायचं, एवढंच. भाऊजींनी सांगितलं नाही. तिने ग्रिनिचची वेळ दिली, तर यांनी हाताने साडेपाच तास मिळवले. पुढे सर्व्हरच भारतीय वेळेवर आला, तरी हे मिळवणं सुरूच. सकाळी सहाला गेटवर अंगठा लावणारा बीरगांवचा मजूर साडेअकराला आलेला दिसू लागला. अर्धी हजेरी कापली जाऊ लागली.

"भाऊजी, साडेपाच तास दोनदा मिळवून राहिलो आपण," मी म्हणालो.

"काहून साळेबुवा, आता घड्याळ तुम्ही शिकवनार मले? कारखान्यातले पोट्टे उशिरापर्यंत झोपून येतात, अन् तुम्ही माह्या प्रोग्रामात खोट काढून राहिले!"

केबिनमध्ये सगळे हसले. मीही हसलो. इतक्या क्षुद्र माणसाला खूश ठेवायला हसलो, याची किळस अजून जात नाही...

तेरवीनंतर मी प्रोग्राममधली ती साडेपाच तास मिळवणारी ओळ काढली. कारखान्याला कळवण्याआधी ताईला सांगितलं.

"मशीन बिघडली होती म्हन ना," ती म्हणाली. "गेलेल्या मानसाले काहून..."

"मशीनच्या नावावर मागची हजेरी कोनी परत देनार नाही, ताई."

मग ती म्हणाली, "लिही त्याचं नाव. घरात बी चूक दाखवली का ताटावरून उठे."

चूक भाऊजींची, आणि माहीत असून मी गप्प, असं दोन्ही कारखान्याला लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी मजुरांचा मुकादम केबिनमध्ये आला. समोरच्या खुर्चीत बसला तो एकदम खालीच गेला. पाहुण्यांच्या खुर्चीचे पाय भाऊजींनी कापून घेतले होते. समोरच्याने मान वर करूनच बोलावं म्हणून. मी त्यांच्या खुर्चीत होतो.

"हजेरी मिलही न, साहेब?" मुकादमाने मान वर करून विचारलं.

"हव," मी म्हणालो. आणि खरं सांगतो, वरून खाली बघत तसं म्हणायला मला बरं वाटलं.