फोन परत करायचा आहे

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही. एका खुर्चीवर सात-आठ वर्षं बसलं की ते आपोआप साचतात. माझी खुर्ची नागभीडच्या टेलिफोन ऑफिसातली, काउंटरच्या आतली. मोबाइल स्वस्त झाले तशी लोकं घरचे फोन परत करायला यायला लागली. कोणी पिशवीत आणायचं, कोणी टॉवेलात गुंडाळून. याच फोनसाठी एकेकाळी त्यांनी तीन-तीन, चार-चार वर्षं वाट पाहिली होती. म्हणून मी ठरवलं, "का परत करता?" हे विचारल्याशिवाय अर्ज घ्यायचा नाही.

आमचे लाइनमन शब्बीरभाई म्हणायचे, "मेश्राम बाई, तुम्ही अर्ज घेऊन राह्यल्या का बयान?"

मी म्हणायची, "दोन्ही."

*

एक रिटायर्ड हेडमास्तर आले. अक्षर सुंदर, कारण एका ओळीत: घरात दोन मोबाइल असल्याने गरज उरली नाही.

मी फाइल काढली. "गुरुजी, कनेक्शन सुशीलाबाईंच्या नावावर आहे. त्यांची सही लागेल."

गुरुजी आठवत उभे राहिले. बुकिंग करताना हौसेनं त्यांनीच बायकोचं नाव टाकलं होतं.

दुपारी ते बाईंना घेऊन आले. बाईंनी चष्मा लावून अख्खा अर्ज वाचला.

"कर सही," गुरुजी म्हणाले.

"सही मले येते. करत नाई."

"काऊन?"

"बत्तीस वर्षांत माह्या नावावर या घरात एवढी एकच वस्तू आली."

गुरुजींनी अर्जाची घडी करून खिशात ठेवली. फोनची पिशवी बाईंनीच उचलली.

*

वामनरावांची तळोधीकडच्या एका गावात धानाची गिरणी. त्यांनी फोन परत केला तेव्हा मी विचारलं होतं, "गावात मोबाइलची रेंज येते का?"

"येते ना. तलावाच्या पाळीवर फुल्ल येते."

दीड महिन्यात परत आले. मुलीचं लग्न जमत होतं. पाहुणे ब्रह्मपुरीचे, आणि बोलणी फोनवर चालू होती. रेंज पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, म्हणून वामनराव रोज संध्याकाळी पाळीवर जाऊन बोलायचे. आवाज तुटायचा, म्हणून ओरडून बोलायचे. पाळीवर म्हशी धुणारे, कपडे धुणाऱ्या बाया, मासे धरणारे, सगळे हातातलं काम थांबवून ऐकायचे.

"मग काय झालं?" मी विचारलं.

"काल पाहुण्यांनी विचारलं, वरातीत माणसं किती आणू? मी बोलाच्या आधी पाण्यातून धोंडू मासेवाला ओरडला, दीडशेच्या वर नाई म्हणा, वामनभाऊ! पाहुण्यांनी ऐकलं, अन् कबूल केलं."

"मग चांगलंच झालं की."

"झालं. पण आता पोरगी म्हणते, नवऱ्यासोबत मी काय पाळीवर उभी राहून बोलू?" त्यांनी नवा फॉर्म मागितला. "फोन तिच्या खोलीत लावा."

*

एका सकाळी तक्रारींच्या चिठ्ठ्या वाटताना शब्बीरभाईंच्या हातात एक चिठ्ठी आली आणि ते थबकले. पत्ता त्यांच्याच घराचा होता. तीन महिने घरचा फोन बंद, आणि ते रोज 'कल देखता' म्हणून निघून जायचे. शेवटी त्यांच्या बायकोनं, रझियाभाभींनी, शेजारच्या घरून रीतसर तक्रार नोंदवली होती.

साहेब म्हणाले, "नियम तो नियम. दुरुस्ती करा, ग्राहकाची सही आणा."

शब्बीरभाई शिडी घेऊन स्वतःच्या घरी गेले. भाभींनी दारातच विचारलं, "कुठून आले?" चहा दिला नाही. दुरुस्ती झाल्यावर स्वतः दोन ठिकाणी फोन लावून पाहिला, मगच सही केली.

चिठ्ठी माझ्याकडे आली. खाली शेरा होता: काम चांगले केले. माणूस आधीच यायला पाहिजे होता.

*

सीताबाई सिस्टर सरकारी दवाखान्यातून रिटायर झाल्या होत्या, पण आसपासच्या गावांत बाळंतपण अडलं की फोन त्यांनाच यायचा. त्यांचा नंबर कित्येक घरांच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेला. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली आणि त्यांचा फोन बंद पडला.

साहेब म्हणाले, "आठ दिवस लागतील. तोवर मुलाने दिलेला मोबाइल आहे ना?"

"आहे. पण त्याचा नंबर कोणत्या भिंतीवर आहे?"

आणि त्या बाकावर बसल्या. दुसऱ्या दिवशी दहाला आल्या, सोबत सोलायला वालाच्या शेंगा. तिसऱ्या दिवशीही आल्या. भांडल्या नाहीत, आवाज चढवला नाही. फक्त कोणी गरोदर बाई दिसली की बाजूला बसवून विचारपूस करायच्या. हळूहळू काउंटरपेक्षा बाकासमोर गर्दी व्हायला लागली. चौथ्या दिवशी साहेबांनी स्वतः उभं राहून केबल जोडून घेतली.

पाचव्या दिवशी सिस्टर आल्या नाहीत. दारात मात्र तीन बाया उभ्या होत्या. एकीनं विचारलं, "मॅडम, सिस्टर आज किती वाजता बसतील?"

*

कौसल्याबाईंना त्यांचा भाचा घेऊन आला. "आत्याचा फोन बंद करा. तिले ऐकूच येत नाई."

दहा वर्षांपूर्वीच्या आजारपणात बाईंचे दोन्ही कान गेले होते. घरात एकट्या, थोडी धानाची शेती. मी कागदावर लिहून विचारलं, "ऐकू येत नाही, तर फोन कशाला?"

त्यांनी वाचलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "माह्या पोरीले येते ना ऐकू."

मुलगी वंदना एटापल्लीकडे आश्रमशाळेत शिक्षिका. दर रविवारी ती बाजाराच्या गावी येऊन बूथवरून फोन लावायची. शब्बीरभाईंनी बाईंच्या फोनला छोटा लाल दिवा बसवून दिला होता. रिंग आली की दिवा लागायचा. बाई रिसीव्हर उचलून आठवडाभराचं सगळं सांगायच्या आणि ठेवून द्यायच्या. मुलीची खुशाली पत्रातून यायची.

अर्ज मी घेतला नाही. भाचा चिडून निघून गेला.

त्या पावसाळ्यात त्यांची लाइन बिघडली. शब्बीरभाई मुद्दाम रविवारी गेले, म्हणजे वंदनाचा फोन चुकायला नको. काम संपलं आणि थोड्या वेळानं दिवा लागला. बाईंनी उचललं. धानाचं रोवणं झालं, शेळी व्यायली, शेजारीण पडली, सगळं सांगितलं. मग नेहमीसारखा फोन ठेवला नाही. रिसीव्हर कानाला तसाच धरून बसल्या. दोन मिनिटं, तीन मिनिटं. मग ठेवला आणि उठून पिशवी भरायला लागल्या.

शब्बीरभाईंनी हातानं विचारलं, काय झालं?

"पोरगी बरी नाई. जाते मी."

शब्बीरभाईंनीच त्यांना गडचिरोलीच्या एसटीत बसवून दिलं. दुसऱ्या दिवशी बाई शाळेवर पोचल्या तेव्हा वंदना खोलीत तापानं फणफणत पडली होती. बाजारातून परतल्यावर उठलीच नव्हती. बाईंनी गाडी मिळवून तिला गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. मलेरिया डोक्यात चढत होता. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर कठीण होतं.

दिवाळीच्या सुट्टीत वंदना ऑफिसात आली, शब्बीरभाईंना भेटायला. मी तिला विचारलं, "त्या दिवशी तू आईला फोनवर काय सांगितलंस?"

ती म्हणाली, "काईच नाई, मॅडम. आई बोलत होती ते ऐकलं. मग मले बोलाचं होतं, पण तोंडातून शब्दच निघाला नाई. मी नुसती रिसीव्हर धरून उभी होती."