जिंतूरहून परतणारे मामा

आमच्या शेजारी शेळ्या पाळणारे एक मामा आहेत. दर दिवाळीला येलदरीच्या भावाशी मिटवून घ्यायचं म्हणून ते एसटीत बसायचे, आणि अर्ध्यातच, जिंतूरहून परतायचे. टोपीनं वारा घेत म्हणायचे, "राग वाटंत थंड व्हावा का न्हाई, सर? उलट लयच तापायलाय."

एकदा मी मास्तरकी केली. "मामा, सूर्यातून उसळलेला तप्त ढगही पसरता पसरता निवायला हवा. पण त्याच्या आतले चुंबकी पीळ सुटत राहतात, अन् तो वाटभर स्वतःलाच तापवतो."

"मंग निवतो कवा?"



यंदा मामा थेट येलदरीला पोचले, भावाची राख सावडायला. परतले तेव्हा टोपी नुसती हातात होती.

"राख पार गार झाल्ती, सर. मीच तेवढा तापत गेलो."