खाकी कागदाची चिठ्ठी

सकाळी सातला शिवणताईंच्या घरात तीन गोष्टी एकदम चालत. ओट्यावर चहा, मशीनवर कुणाचा तरी घाईचा कपडा आणि खिडकीशी सासूबाईंचं बायबलवाचन. सासूबाईंना ऐकू कमी येई. देवालाही तसंच कमी येत असावं अशा आवाजात त्या वाचत. नवरा विजेचे मीटर वाचायच्या नोकरीत. डब्याचं झाकण लावता लावता तो म्हणाला, "माझ्या शर्टाचं बटण आज तरी लागेल का? सहा महिने झाले. आता तर त्या भोकाची लाजही वाटेनाशी झाली."

"गिऱ्हाइकासारखं रांगेत यायचं," ताई म्हणाल्या, आणि तेवढ्यात दार वाजलं.

दारात बेकरीवाले उभे होते. एरवी आले की हातात गरम पाव असायचाच. आज कापडी पिशवी होती. खुर्चीच्या कडेवर टेकत त्यांनी पिशवीतून पांढरा झगा काढला. चर्चच्या गायनवृंदात घालायचा, ताईंनीच कच्ची टीप घालून त्यांच्या लेकीला अंगावर बघायला दिलेला.

"हा परत घ्या, ताई. पोरगी म्हणते, आता गाणार नाही."

"का हो? बरं नाही का तिला?"

कारण ताईंना ठाऊक होतं. तरी त्यांनी विचारलं, आणि पुढे कितीतरी दिवस या दोन वाक्यांची त्यांना बाकी सगळ्यापेक्षा जास्त लाज वाटत राहिली.

"तीन आठवडे झाले," बेकरीवाले म्हणाले. "त्या रविवारी चर्चच्या दारातच कुणीतरी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणे, बाळ, तुझ्या विश्वासासाठी आम्ही सगळे गुडघ्यांवर प्रार्थनेत आहोत. घरी आली ती थेट खोलीत. मग मला म्हणाली, बाबा, मी हे कुणाच माणसाला सांगितलं नव्हतं, फक्त पेटीत टाकलं होतं." त्यांनी झग्याची घडी उगाच पुन्हा घातली. "तिचा तुमच्यावर फार जीव आहे. तुम्हीच जरा शोधा ना, ती पेटी कुणी उघडली ते."

"बघते," ताई म्हणाल्या.

"तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे," म्हणत ते उठले.

ती पेटी म्हणजे ताईंचाच बटणांचा जुना डबा. नवऱ्यानं झाकणाला फट पाडून दिलेली. चर्चच्या मागच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी तरुण संघ भरे, आणि अकरा वर्षं तो ताईच चालवत होत्या. पंधरा-वीस मुलंमुली. ज्याच्या मनात जे असेल ते त्यानं नाव न घालता चिठ्ठीवर लिहायचं, डब्यात टाकायचं. मग प्रत्येकानं एकेक चिठ्ठी उचलायची, आठवडाभर तिच्यासाठी प्रार्थना करायची आणि पुढच्या शनिवारी न बोलता फाडून टाकायची. कुणाची असेल याचा अंदाज करायचा नाही, अंदाज आलाच तर गिळायचा. "पेटीतलं पेटीत," हे ताईंचंच वाक्य. मुलं त्यांची नक्कलही करत, ताईंसारखी मान हलवून, तोंडात टाचण्या धरल्यासारखे ओठ मिटून.

आणि ताईंचं तसं नावच होतं. माप देताना बायका काय काय बोलत. कुणाची कंबर वाढली, कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा मुलगा घरी बोलत नाही. ताईंच्या तोंडून त्यातलं अक्षर बाहेर पडलं नव्हतं.

त्या रविवारच्या आठवडाभर आधीच्या शनिवारी मात्र त्यांच्या हाताला खाकी चिठ्ठी लागली. शिंपी ज्यावर कपडा बेततात तो कागद. कडेला निळ्या खडूची वळणदार रेघ, त्यांनी त्याच दुपारी बाहीसाठी ओढलेली. दुपारी बेकरीवाल्यांची लेक माप द्यायला आली होती आणि जाताना म्हणाली होती, "ताई, एक चिटोरा घेऊ का?"

चिटोऱ्यावर लिहिलं होतं: "मी रविवारी गाते तेव्हा ऐकणारं कुणी नाही असं वाटतं. पूर्वी वाटायचं नाही. तरी मी गाते. माझ्यासाठी प्रार्थना करा."

ताईंनी मनापासून केली. भाजी चिरताना केली, काजं करताना केली. या पोरीला पहिलं गाणं त्यांनीच मांडीवर बसवून शिकवलं होतं. बुधवारी बायकांच्या प्रार्थनेत विनंत्या मांडायची वेळ आली. कुणाचे गुडघे, कुणाच्या सुनेचं बाळंतपण. ताईंना वाटलं, एकटीची प्रार्थना कमी पडते आहे, दहाजणींची पोचेल. त्या म्हणाल्या, "आपली एक मुलगी आहे, दर रविवारी गाते, आणि आतून तिचा विश्वास विझत चाललाय." सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. शेजारणीनं हळहळून त्यांचा हात धरला. क्षणभर ते ताईंना बरं वाटलं होतं. हे मात्र त्यांनी आजपर्यंत स्वतःलाही कबूल केलं नव्हतं.

नाव घेतलं नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. पण दर रविवारी पुढे उभं राहून गाणारे होते तिघे, आणि त्यातल्या दोघांना मिशा होत्या.

"चेहरा का उतरला?" नवऱ्यानं चपला घालताना विचारलं.

"काही नाही."

"बटण राहू दे मग आज," तो म्हणाला आणि गेला.

ताई मशीनवर बसल्या. डोळे मिटून म्हणाल्या, "प्रभू, त्या लेकराला शांती दे." आणि तिथंच अडखळल्या. अजूनही त्या तिच्याबद्दलच बोलत होत्या. "मला" म्हणून वाक्य सुरू करायला गेल्या तर पुढचा शब्द सुचेना. खिडकीशी सासूबाईंचा आवाज तसाच खणखणीत चालू होता.

दुपारी त्या बेकरीकडे निघाल्या. वाटेत वाक्यं जुळवत होत्या. बोलता बोलता निघून गेलं. हेतू वाईट नव्हता. काळजीपोटी झालं. आतल्या ओबडधोबड शिवणी झाकायला अस्तर लावावं तसं एकेक वाक्य. दुकानाच्या पायरीशी आल्यावर त्यांनी ती सगळी टाकून दिली.

लेक गल्ल्याशी उभी राहून पावाचे काप पिशव्यांत भरत होती. "झग्यासाठी आला असाल तर मी नको म्हटलंय," ती म्हणाली.

"झग्यासाठी नाही. बाबांना जरा बोलाव."

बेकरीवाले भट्टीकडून हात पुसत आले. "सापडलं का कुणी?"

"पेटी कुणी उघडली नाही. मीच सांगितलं. बुधवारी, बायकांच्या प्रार्थनेत."

त्यांचे हात फडक्यातच राहिले. "सकाळी का नाही बोललात?"

"लाज वाटली."

"आणि मी तुम्हालाच शोधायला सांगून आलो," ते म्हणाले. रागावले असते तर सोपं गेलं असतं. ते नुसते जमिनीकडे बघत राहिले, जणू चूक त्यांचीच झाली होती.

लेकीनं विचारलं, "माझी आहे हे कसं कळलं?"

"कागदावरून. माझाच होता."

"मग तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना केलीत की माझ्याबद्दल बोललात?"

"चार दिवस प्रार्थना केली. पाचव्या दिवशी बोलले."

"आता सगळे विचारतात, आज कसं वाटतंय? ताप उतरला का विचारावं तसं." तिनं पिशवीला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "ती एकच जागा होती, ताई."

एक म्हातारी पाव घ्यायला आली. ताई बाजूला भिंतीशी सरकल्या. म्हातारीनं दोनदा बोट दाबून पाव ताजा आहे ना ते पाहिलं, तिसऱ्यांदा विचारून खात्री केली आणि एकदाची गेली.

मला माफ कर, हे शब्द ताईंच्या ओठांशी आले होते. पण पोरीकडे बघून त्यांना वाटलं, ते मागितलं की तिला काहीतरी द्यावंच लागेल. तिच्याकडून घेऊन झालं होतं तेवढं पुरे होतं.

"एक विचारायला आले," त्या म्हणाल्या. "शनिवारी मुलांना सांगायचंय, की नियम मी मोडला. डबा ठेवायचा की नाही, मी राहायचं की नाही, ते मुलंच ठरवतील. पण ते सांगायचं तर तुझी गोष्ट त्यात येणार. तुला विचारल्याशिवाय मी आता तोंड उघडणार नाही. सांगू का?"