हात आपटला तो आईनं

दुपारपासून 'सागर जिंकला का?' विचारणाऱ्या सगळ्यांना एकदाच सांगते. हरला.

सागर माझा धाकटा भाऊ, एमएमए फायटर; बुक्क्या, लाथा, कुस्ती सगळं चालतं त्या खेळात. आज दुपारी दिल्लीत त्याची फाइट होती. मी अन् आई इथं केनवडला पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून बघत होतो.

आईला या खेळातला एकच नियम माहीत आहे. पहिल्या फाइटच्या आधी त्यानंच सांगितला होता, "भेऊ नको माय. सहन नाही झालं की हात आपटायचा, म्हणजे हार मानली; पंच लगेच सोडवते."

आज समोरच्यानं मागून त्याचा गळा आवळला. तोंड लाल झालं, मग काळंनिळं. आई मोबाइलवर ओरडत होती, "आपट रे बाप्पा, हात आपट!"

त्यानं नाही आपटला. मग आईच फरशीवर हात आपटायला लागली. थांबेचना.

तो बेशुद्ध पडला, तेव्हा पंचानं सोडवलं.

आता त्याचा फोन आला. आई एवढंच बोलली, "काहून नाही आपटला रे?"

"लागोपाठ तीनदा हारल्यावर कोणी बोलावत नाही, आई. वाटलं, सुटून जाईन."

आईचा तळवा सुजला आहे. हळद लावताना मला विचारते, "घरच्यायनं हात आपटला तर चालत नाही का व?"