हमुराची गरी आणि कच्चा दोरा

७ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी गऱ्या बांधत बसले होते. बहारीनमध्ये, सनाबिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये हे काम माझ्याकडेच असतं. मी एका टेलरच्या दुकानात शिवणकाम करते, त्यामुळे बारीक गाठ मला दिसते आणि ती कुठे सुटेल हेही कळतं.

हमूर म्हणजे आपल्याकडचा गोबरा. मोठा हमूर खडकाच्या बिळात राहतो. आमिष तोंडात घेतलं की तो पळत नाही, फक्त वळतो आणि बिळात शिरतो. त्याआधी त्याला दोन-तीन हात वर ओढता आलं तर मासा आपला. म्हणून मुख्य दोरा विणलेला, अजिबात न ताणणारा. पुढे हातभर जाड तंगूस, म्हणजे नायलॉनची तार, कारण खडकावर घासून दुसरं काही टिकत नाही. गरी गोल वळणाची, म्हणजे हिसका न देता ती आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसते. आमिषाला अख्खं माकूल किंवा जिवंत छोटी कुर्ली. आणि शिसं मात्र कच्च्या, बारीक दोऱ्याने लटकवायचं. शिसं खडकात अडकलं तर तो दोरा तुटतो, शिसं जातं, बाकी सगळं मोकळं होतं. काय तुटायला हवं हे आधी ठरवून ठेवायचं, एवढाच त्यातला मुद्दा.

माझा धाकटा दीर सोफ्यावर बसून हे बघत होता. "वहिनी, हमूर धरायचाय की ब्लाउज शिवायचंय?"

"ब्लाउज उसवलं तर परत शिवता येतं," मी म्हटलं.

तो हिद्दच्या एका जहाजांच्या यार्डात वेल्डर आहे. दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, त्याची वेल्डिंगची टेस्ट होती. पास झाला तर काँट्रॅक्ट आणि व्हिसा पुढे, नाहीतर डिसेंबरात घरी. त्याच्या दोन मुली चिपळूणला शिकतात. टेस्टच्या आदल्या दिवशी समुद्रावर जाऊ नये असं माझं स्पष्ट मत होतं आणि मी ते दोनदा सांगितलं. आमच्या ह्यांचं म्हणणं, जरा वारा लागला की त्याचं टेन्शन उतरेल. शिवाय ह्यांच्या ऑफिसातला बहारिनी मित्र शुक्रवारशिवाय होडी काढत नाही. तेव्हा मी हातमोजे पिशवीत टाकले, डबा भरायला स्वयंपाकघरात गेले आणि तो विषय संपवला.

हिद्दच्या धक्क्यावरून निघालो तेव्हा समुद्र तेल ओतल्यासारखा होता. लाट नाही, सुरकुती नाही. बंदरातल्या क्रेन उन्हात होत्या, पण उत्तरेला आभाळाची कड मळकट पिवळी दिसत होती. ह्यांच्या त्या मित्राने, म्हणजे आमच्या होडीवाल्याने, तिकडे पाहिलं आणि हिंदीत सांगितलं की दुपारनंतर शमाल, म्हणजे इकडचा उत्तरेचा वारा, सुटेल, त्याच्या आत परत यायचं, यल्ला, चला. वाटेत पाणकावळ्यांचा एक लांबच लांब थवा आमच्यावरून दक्षिणेकडे गेला. एकही खाली उतरला नाही.

खडकाळ जागेवर नांगर टाकला. पहिला तासभर बारीक मासे आमिष कुरतडत राहिले. दोऱ्यावर बोट ठेवलं की सतत टिकटिक लागायची. दिराने हातमोजे काढून बाजूला ठेवले, कुर्लीच्या चिकट्याने ते घसरतात म्हणे. दोऱ्याचे दोन वेढे त्याने तळहाताला घेतले. आमच्या गावच्या खाडीत शिंगाळा गरवताना सगळे तसंच करतात आणि तोही लहानपणापासून तसंच करत आलाय. मी म्हटलं, वेढे सोड, हा दोरा वेगळा आहे. तो म्हणाला हो. सोडले नाहीत.

मग टिकटिक थांबली. एकदम, सगळ्यांच्या दोऱ्यांवर. होडीवाल्याने आवाज खाली आणून सांगितलं की बारीक मासे पळाले, म्हणजे खाली मोठा आलाय. बादलीतल्या कुर्ल्या पत्र्यावर नख्या घासत होत्या, तेवढाच आवाज.

दिराचा दोरा हळूच बाजूला सरकला आणि ताठ झाला. त्याने एकदा ओढलं, जेमतेम हातभर आलं असेल, आणि मग सगळं थिजलं. मासा बिळात शिरला होता. अशा वेळी दोरा ढिला सोडून थांबायचं असतं, मासा आपणहून बाहेर येतो. ह्यांनी तेच सांगितलं. त्याने दोरा सोडायचा प्रयत्न केला, पण वेढे आवळले गेले होते.

आणि तेव्हाच वारा आला. दुपारची वाट न बघता. पिवळी कड आता डोक्यावर होती. पहिल्या लाटेवर होडी वर उचलली गेली. दोरा उचलला गेला नाही. दिराचा हात काठावर आपटला आणि तिथेच चिकटून राहिला.

"शिसं अजून तुटत कसं नाही?" मी विचारलं.

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी ते जाड तंगुसाने बांधलं. मागच्या वेळी दोन शिसं गेली होती."

मी डबा भरत होते तेव्हा त्याने माझी गाठ कापून स्वतःची घातली होती. म्हणजे आता शिसं खडकाच्या फटीत, मासा बिळात, दुसऱ्या टोकाला त्याचा उजवा हात, आणि मध्ये तुटण्यासारखं काहीच नव्हतं. दुसरी लाट आली तेव्हा त्याचे ओठ पांढरे झाले. ह्यांनी दोन्ही हातांनी दोरा धरून वर खेचायला सुरुवात केली. होडीवाला नांगराकडे धावला.

माझ्या गळ्यात दोरा कापायची छोटी कात्री असते, दुकानातून घरी आले तरी काढायची राहते. मी ती हातात घेतली.

"वहिनी, कापू नको," तो म्हणाला. "मोठा आहे. खूप मोठा आहे."

"बोटं मिट."

होडी खाली बसली त्या क्षणी मी कापला. दोरा पाण्यात गेला, काही दिसलं नाही, बुडबुडासुद्धा नाही.

वेढे सोडवले. तळहातावर दोन खोल पांढऱ्या खाचा होत्या, मग त्या रक्ताने भरून आल्या. करंगळीखाली कातडी फाटली होती. मी त्याला एकेक बोट हलवायला लावलं. सगळी हलली, अनामिका जरा उशिरा. परतताना वारा आडवा होता, पाणी आत येत होतं. डॉक्टरांनी टाके घातले आणि आठवडाभर जड काही धरू नका म्हणून सांगितलं. टेस्ट पुढे ढकलून माग, असं मी म्हटलं. त्याने नकाराची मान हलवली. त्याच्या जागेसाठी यार्डात दोघं उभे होते.

शनिवारी पहाटे उठले तर तो आधीच जागा होता. हात सुजून वेल्डिंगच्या चामडी हातमोज्यात जात नव्हता. मी मोज्याची तळव्याकडची शिवण उसवली, जुन्या पर्सची पट्टी मध्ये घालून मशीनवर दोन टिपा मारल्या. त्याने हात घातला, मूठ मिटली. अनामिका मिटेना, मुठीबाहेर ताठच राहिली.

"तिला वापरू नकोस," मी म्हटलं.

त्याला गाडीने हिद्दला सोडलं. शमाल अजून चालूच होता, रस्त्यावरून वाळू सरपटत होती. उतरल्यावर त्याने डबा डाव्या हातात घेतला आणि वॉचमनला दिसू नये म्हणून उजवा हात खिशात घातला. मी इंजिन चालू ठेवून गेटसमोर थांबले. तो लगेच परत आला नाही, म्हणजे हात बघून कोणी त्याला गेटवरून माघारी पाठवलं नव्हतं, तेव्हा गाडी वळवून घरी गेले.