कौल उजवा, पण पुढच्या वर्षीचा

"पत्रात पंधरा दिवसांची मुदत आहे. त्यातले आठ गेले. तुमची ती मुलगी रुजू कधी होणार?" प्रिन्सिपॉलसाहेबांनी विचारलं.

"आजच घरी जाऊन येतो, सर."

मी तेव्हा आयटीआयत वायरमन ट्रेडचा इन्स्ट्रक्टर होतो. शालन माझ्या बॅचमधली एकुलती एक मुलगी. तिचा बाप तुकाराम गिरणीच्या संपात नोकरी गेल्यापासून गावी येऊन बसलेला. आई दुसऱ्यांच्या शेतात राबायची. शालनचा रिवायंडिंगवर चांगला हात बसला होता. रिवायंडिंग म्हणजे जळक्या मोटरमधली तांब्याची तार उपसून नवी गुंडाळायची. कंटाळवाणं काम, मुलं टाळायची. हिला आवडायचं. कोल्हापूरच्या एका कारखान्यानं तिला अॅप्रेंटिस म्हणून बोलावलं होतं. अॅप्रेंटिस म्हणजे शिकाऊ कामगार. वर्षभर स्टायपेंड, काम बरं असेल तर पुढे कायम. त्या घराला वर काढणारं दुसरं काही नव्हतं.

खारेपाटणला एसटीतून उतरून अर्धा तास चाललो. तुकारामनं आधी आढेवेढे घेतले.

"एकटां चेडू कोल्हापुराक? लोक काय म्हणतीत?"

मी मुलींच्या हॉस्टेलचं सांगितलं, तिथल्या वॉर्डनबाईंचं सांगितलं. चहा झाला. शेवटी तो म्हणाला, "बरा तर. तुमी सांगतास म्हणान धाडतंय."

इथं मी उठायला हवं होतं. पण मला अतिशहाणपणा सुचला. उद्या भावकीनं कान भरले तर हा पोरीला परत आणेल, अशी भीती वाटली. मी इथलाच. आमच्याकडे लग्न असो की घर बांधणं, आधी देवाला कौल लावतात. देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नको. देवानं हो म्हटलं की गावात कोणाची बोलायची टाप नाही. म्हणून मीच म्हणालो, "देवाक इचारून टाकूया. मगे कोण काय बोलाचो नाय."

डावी पडेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. चांगल्या कामाला देव कशाला अडवेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात गेलो. शालन खांबापाशी उभी होती. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्यां चेडू नोकरेक कोल्हापुराक जातासा. तुझो हुकूम आसात तर उजवो दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो. माझा आवाज सर्वांत मोठा.

डावी पडली.

गुरव भला माणूस. त्यानं पुन्हा पाकळ्या लावल्या आणि पुढच्या वर्षीचं विचारलं. उजवी लगेच पडली. तुकारामचा जीव भांड्यात पडला. "बघा, देवान नाय म्हणाक नाय. फुडल्या वर्सा जातला."

"तुकाराम, पुढच्या वर्षी हे पत्र राहणार नाही. आताच पाठव." मी अक्षरशः हात जोडले.

"आता कसा धाडू? मी तर व्हय म्हटललंय, सर. देवाक इचारूक तुमीच सांगलास."

मी देवळाबाहेर येऊन चपला घातल्या.

शालन एसटीपर्यंत पोचवायला आली. गाडी दिसल्यावर म्हणाली, "सर, फुडल्या वर्सा पत्र येतला मां?"

"येतला," मी म्हणालो. इतकं धडधडीत खोटं मी कुठल्याच विद्यार्थ्याशी बोललो नव्हतो.

प्रिन्सिपॉलसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "कारखाना थांबत नसतो. दुसऱ्याचं नाव पाठवा."

मीच पाठवलं. तो मुलगा तिथं कायम झाला. पुढच्या वर्षी कारखान्यानं आमच्याकडून कोणालाच घेतलं नाही. शालन काजूच्या कारखान्यात बी फोडायला बसली. एकदा बाजारात समोरून आली. मी थांबलो, ती मान खाली घालून पुढे गेली. ते मला फार लागलं.

देवाला मी बोल लावत नाही. त्याच्या दारात नसता प्रश्न मी नेला होता. त्यानंतर कितीतरी मुलींच्या घरी गेलो. एक नियम पाळला: बाप हो म्हणाला की ताबडतोब उठायचं, चहा अर्धा राहिला तरी चालेल. त्या नियमानं पुष्कळ मुली नोकरीला लागल्या. शालनला त्याचा काही उपयोग झाला नाही.